महापालिकेकडे दिलेल्या तक्रारीचे प्रत्यक्ष काम कसे होते: नागरिकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

रस्त्यावरचा खड्डा, तुंबलेले गटार, बंद पडलेला पथदिवा किंवा चेंबरचे निखळलेले झाकण यांबाबत तक्रार नोंदवणे आता अवघड राहिलेले नाही. मोबाईलवर छायाचित्र काढले की दोन-चार मिनिटांत तक्रार क्रमांक हाती येतो. अवघड असते ते पुढचे. ती तक्रार योग्य अभियंत्यापर्यंत पोहोचली पाहिजे, त्या कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद असली पाहिजे आणि कंत्राटदाराची माणसे जागेवर आली पाहिजेत. अधिकाऱ्यांच्या अनास्थेमुळेच कामे अडतात असा आपला समज असतो आणि तो अगदीच निराधार नाही; मात्र चुकीच्या खात्याकडे गेल्यामुळे, जागा नीट न सांगितल्यामुळे किंवा जे दुरुस्तीत बसत नाही ते दुरुस्ती म्हणून मागितल्यामुळे अडलेल्या तक्रारीही थोड्याथोडक्या नसतात. यातला दुसरा भाग नागरिकाच्या हातात आहे आणि पुढील लेखन त्याविषयी आहे.

महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत. मुंबईचा कारभार १८८८ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार चालतो, तर इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा वेगळा अधिनियम आहे. येथील उदाहरणे प्रामुख्याने पुण्याची आणि गरजेपुरती मुंबईची आहेत. खात्यांची नावे शहरागणिक बदलतात, कामाची पद्धत मात्र बव्हंशी सारखीच असते.

काम नेमके कोणाचे, हे आधी ठरवावे

१९४९ च्या अधिनियमातील कलम ६३ महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये सांगते आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये येतात. सार्वजनिक रस्ते, दिवाबत्ती, सांडपाण्याचा निचरा आणि साफसफाई ही कामे अनिवार्य वर्गात मोडतात. त्यामुळे ‘सध्या निधी नाही’ हे उत्तर फार तर काम कधी होईल याविषयीचे असू शकते, जबाबदारी कोणाची याविषयीचे नव्हे.

तरीही शहराच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. पुण्याच्या पश्चिमेकडून जाणारा कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहे, तर कॅम्प भागातील बरेच रस्ते पुणे कटक मंडळाकडे आहेत. मुंबईतील पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग अनेक वर्षे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) होते आणि २०२२ च्या अखेरीस त्यांची देखभाल मुंबई महापालिकेकडे आली. याखेरीज सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ, एमआयडीसी आणि रेल्वे यांच्याही मालकीचे रस्ते आणि पूल शहरात असतात. चुकीच्या संस्थेकडे गेलेली तक्रार ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा मारून बंद होते आणि त्या शेऱ्यात ती कोणाच्या अखत्यारीत आहे हे सहसा लिहिलेले नसते. असा शेरा मिळाल्यास योग्य संस्थेचे नाव लेखी मागावे. माहितीच्या अधिकारातील अर्ज मात्र चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याचे बंधन त्या अधिनियमाच्या कलम ६(३) मध्येच आहे.

दुसरी नेहमीची अडचण सोसायट्यांच्या अंतर्गत रस्त्यांची असते. मंजूर आराखड्यातील अंतर्गत रस्ता विकसकाने महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित केलेला नसेल, तर महापालिका त्यावर खर्च करीत नाही. रहिवासी वर्षानुवर्षे मिळकतकर भरत असतात आणि रस्ता मात्र कागदोपत्री खासगीच राहिलेला असतो. अशा वेळी डांबरीकरणाची मागणी करण्यापूर्वी रस्ता हस्तांतरित झाला आहे का, याची बांधकाम परवानगी विभागाकडे आणि पथ विभागाकडे लेखी विचारणा करावी. हस्तांतर झालेले नसेल, तर आधी त्याच्याच मागे लागावे.

महापालिकेच्या आतही विभागणी असते. रुंद मुख्य रस्ते साधारणपणे मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे, तर गल्लीबोळातील अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे, म्हणजे त्या भागापुरत्या महापालिका कार्यालयाकडे, असतात. मैलापाणी वाहून नेणारी मलवाहिनी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी पर्जन्यजल वाहिनी या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. बोलताना आपण दोन्हींना गटारच म्हणतो, परंतु तक्रारीत कोणती वाहिनी तुंबली आहे हे स्पष्ट लिहिले, तर दोन अभियंत्यांमधील टोलवाटोलवी टळते.

वारंवार पडणारा खड्डा: आधी कारण शोधावे

एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा खड्डा बहुतेक वेळा डांबराचा प्रश्न नसतो. रस्त्याखाली पाणी मुरत असेल, तर वरून कितीही उत्तम डांबर टाकले तरी ते टिकत नाही. म्हणून तक्रार करण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्या जागेवर लक्ष ठेवावे. पाणी फक्त नळाला पाणी येण्याच्या वेळेतच पाझरत असेल, तर ती पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीची गळती असण्याची शक्यता मोठी असते. ते दिवसभर पाझरत असेल, त्याला वास येत असेल आणि सकाळच्या वापराच्या वेळेत वाढत असेल, तर मलवाहिनी फुटलेली किंवा तुंबलेली असावी. पाणीपुरवठा २४ तास असेल, तिथे वेळेवरून निदान होत नाही. तेव्हा त्या पाण्याची क्लोरीन चाचणी करण्याची विनंती पाणीपुरवठा विभागाला करावी. पाण्यात चाचणीचे द्रावण टाकल्यावर ते पिवळसर झाले, तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचेच पाणी आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने दोन खात्यांमधला वाद जागेवरच मिटतो. तरीही ती न मागता क्वचितच केली जाते.

कारण कळल्यावर तक्रारीचा क्रमही बदलतो. आधी पाणीपुरवठा विभागाकडून गळती काढून घ्यावी, खोदलेला चर थरावर थर देऊन दाबून भरून घ्यावा आणि त्यानंतरच पथ विभागाकडे डांबरीकरण मागावे. हे उलट क्रमाने झाले की ताजा रस्ता महिन्याभरात पुन्हा खोदला जातो.

खड्डा बुजवण्याचीही रीत ठरलेली आहे. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापून, सुटे साहित्य आणि धूळ काढून, तळाला आणि कडांना डांबराचा पातळ थर देऊन, त्यावर गरम डांबरमिश्रित खडी पसरून ती रोलरने किंवा कंपनयंत्राने दाबावी लागते. गरम मिश्रण ओल्या पृष्ठभागावर धरत नाही, म्हणून पावसाळ्यात कोल्ड मिक्स (गरम न करता वापरायचे डांबरमिश्रण), पेव्हर ब्लॉक किंवा नुसती खडी टाकून वेळ मारून नेली जाते. जुलैमध्ये ती तात्पुरती मलमपट्टी स्वीकारण्यावाचून इलाज नसतो. मात्र त्याच अर्जात ‘पावसाळा संपल्यावर कायमस्वरूपी दुरुस्ती करावी’ अशी स्वतंत्र मागणी लिहून ठेवावी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये जुन्या आवक क्रमांकाचा (अर्ज स्वीकारताना कार्यालयाने दिलेल्या नोंद क्रमांकाचा) हवाला देऊन स्मरणपत्र देता येते.

तक्रार कशी लिहावी आणि कोठे द्यावी

‘आमच्या भागातील रस्त्यांची दुरवस्था झाली आहे’ अशा वाक्यावर कोणताही कनिष्ठ अभियंता काही करू शकत नाही. त्याला मुकादमाला सांगता येईल असा पत्ता आणि कंत्राटदाराला देता येईल असे माप लागते. उदाहरणार्थ असे लिहावे: ‘अमुक चौकातून तमुक शाळेकडे जाताना डाव्या हाताला, विद्युत खांब क्रमांक अमुक याच्या समोर, सुमारे दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल खड्डा असून त्याच्या मध्यभागी मलवाहिनीचे चेंबर रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेले आहे.’ या एका वाक्यातून अभियंत्याला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे खड्डा बुजवायचा आहे, आणि दुसरी म्हणजे चेंबर रस्त्याच्या पातळीत उचलून घेण्यासाठी मलनिःसारण खात्यालाही बोलवायचे आहे. पथदिव्याच्या तक्रारीत तर खांबावर रंगवलेला क्रमांक हाच पत्ता असतो. त्याविना तक्रार देऊ नये. मुंबईत पथदिव्यांची देखभाल भागानुसार बेस्ट, अदाणी किंवा महावितरण यांच्याकडे असते, हेही तिथल्या रहिवाशांनी लक्षात ठेवावे.

एका अर्जात एकच विषय असावा. खड्डा, कचरा, भटकी कुत्री आणि अनधिकृत फलक एकाच पत्रात आले, तर ते पत्र ज्या टेबलावर प्रथम जाईल तिथला माणूस आपला भाग उरकून ते ‘निकाली’ काढतो आणि उरलेल्या तीन विषयांचा माग राहत नाही.

साध्या दुरुस्तीसाठी ॲप किंवा हेल्पलाइन पुरेशी असते. पुण्यात पीएमसी केअर आहे, मुंबईत १९१६ हा क्रमांक आहे. परंतु ज्या कामाला पैसा लागणार आहे किंवा जे आधी एकदा ‘निकाली’ निघाले आहे, त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे मुंबईत विभाग कार्यालयात, कागदी अर्ज द्यावा. दोन प्रती न्याव्यात. आवक-जावक कक्षात एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ‘साहेबांना भेटा, अर्जाची गरज नाही’ असे कोणी सांगितले तर साहेबांना अवश्य भेटावे, पण आवक क्रमांक घेऊन मग भेटावे. पुढच्या प्रत्येक पायरीवर विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘पोच आहे का?’ हाच असतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. मलवाहिनी तुंबल्यावर ‘माणूस आत उतरवून साफ करा’ असा आग्रह कधीही धरू नये. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम गटारे आणि मैला टाक्या यांची धोकादायक साफसफाई माणसाकडून करून घेण्यास मनाई करतो. सोसायटीने स्वतः मजूर लावून असे काम करून घेतले, तरी ते या कायद्यात येते. मागणी जेटिंग (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने साफ करणाऱ्या) किंवा सक्शन (गाळ ओढून घेणाऱ्या) यंत्राची करावी. गल्ली अरुंद असेल, तर तसे अर्जात नमूद करावे, म्हणजे मोठ्या गाडीऐवजी लहान यंत्र पाठवता येते.

दुरुस्ती की नवे काम

अर्ज आत गेल्यानंतर त्याचे भवितव्य एका साध्या प्रश्नावर ठरते: हे काम चालू देखभाल-दुरुस्तीच्या कंत्राटात बसते का? बसत असेल, तर कनिष्ठ अभियंता कंत्राटदाराला सांगून ते थोड्या दिवसांत करून घेऊ शकतो. खड्डे बुजवणे, चेंबरचे झाकण बदलणे, गाळ काढणे, दिवा बदलणे ही कामे या प्रकारची आहेत. त्यांना उशीर होत असेल, तर पाठपुरावा उपअभियंत्यापर्यंत पुरतो.

पण पुरता उखडलेला रस्ता नव्याने करणे, अपुऱ्या व्यासाची वाहिनी बदलणे किंवा नवा पदपथ बांधणे हे वेगळे प्रकरण आहे. त्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष (त्या प्रकारच्या खर्चाचे खाते) आणि त्याखाली तरतूद असावी लागते. मग अभियंता जागेची मोजणी करून दरसूचीनुसार पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) तयार करतो, त्याला प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता मिळते, निविदा निघते, ठरावीक रकमेवरील कंत्राटांना स्थायी समितीची मंजुरी घेतली जाते आणि त्यानंतर कंत्राटदाराला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, मिळतो. यातील कोणतीही पायरी गाळून काम सुरू होऊ शकत नाही. अपवाद तातडीच्या कामांचा. १९४९ च्या अधिनियमातील कलम ६७(३)(क) आयुक्तांना आणीबाणीच्या परिस्थितीत नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवून काम करून घेण्याचा अधिकार देते. रस्ता खचणे किंवा नाल्याची भिंत कोसळणे अशा प्रसंगांसाठी ही तरतूद आहे. तिचा सर्रास वापर होत असेल, तर लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघतात आणि ते निघायलाच हवेत.

१९४९ च्या अधिनियमानुसार स्थायी समितीत १६ नगरसेवक असतात. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे आणि मुंबईसह अनेक महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच एकवटले. मंजुऱ्या त्या काळात लवकर मिळत, हे खरे. पण प्रस्तावावर जाहीर चर्चा होत नसल्याने एखादे काम का वगळले गेले हे नागरिकाला कळण्याची वाट जवळपास बंद झाली होती.

नव्या कामाच्या मागणीला वेळेचे भान लागते. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असले, तरी खाती आपल्या मागण्या आधीच्या पावसाळ्यानंतर जुळवू लागतात आणि आयुक्त अंदाजपत्रक वर्ष संपण्यापूर्वीच मांडतात. मार्चमध्ये दिलेला नव्या रस्त्याचा अर्ज म्हणूनच एक वर्ष मागे पडतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे. पदपथ, बाके, दिवे, बसथांब्याची शेड अशी प्रभागातील लहान कामे सुचवण्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयांत घेतले जातात आणि त्याची मुदत वर्तमानपत्रांत जाहीर होते. सुचवलेले प्रत्येक काम होते असे मुळीच नाही. तरी जागा, माप आणि अंदाजे खर्च लिहिलेली सूचना मोघम सूचनेच्या आधी विचारात घेतली जाते.

झाडांच्या बाबतीत मार्ग निराळा आहे. धोकादायक फांदी असो वा वाळलेले झाड, ते सोसायटीच्या आवारातील असले तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज उद्यान विभागाकडे करावा.

तक्रार ‘निकाली’ निघाली, काम मात्र झाले नाही

असे घडल्यास त्याच दिवशी तारखेसह छायाचित्र काढावे, तक्रार पुन्हा उघडण्याची सोय असेल तर ती उघडावी आणि जुना तक्रार क्रमांक देऊन क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना लेखी कळवावे. त्यानंतरची चढण उपअभियंता, कार्यकारी अभियंता, परिमंडळाचे उपायुक्त आणि अतिरिक्त आयुक्त अशी आहे. पहिल्याच दिवशी आयुक्तांना पत्र लिहिण्याचा मोह टाळावा; ते पत्र फिरून त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ येते आणि मधले काही दिवस वाया जातात.

नगरसेवकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. १९४९ च्या अधिनियमातील कलम २९-अ अन्वये प्रभाग समित्या असतात आणि त्यांच्या बैठकीत नगरसेवकाने विचारलेल्या प्रश्नाला अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. नगरसेवकाला तोंडी सांगण्याऐवजी पोच असलेल्या अर्जाची प्रत द्यावी. अर्ज निष्फळ ठरल्यास महापालिकेचा लोकशाही दिन असतो. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो आणि त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाविषयी अनेकांची गल्लत होते. दाखले, नळजोड, मिळकतकराच्या नोंदी अशा अधिसूचित सेवांनाच त्यात मुदत ठरवून दिलेली आहे आणि त्या वेळेत न दिल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज करण्यापूर्वी आपली सेवा अधिसूचित यादीत आहे का ते पाहावे. रस्त्यावरच्या दुरुस्त्यांसाठी हा अधिनियम सहसा कामी येत नाही.

माहितीचा अधिकार: काय मागावे

‘खड्डा का बुजवला नाही?’ असा प्रश्न माहितीच्या अर्जात विचारू नये. कारणमीमांसा देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. अस्तित्वात असलेली कागदपत्रे देण्यास असतो. म्हणून आपल्या अर्जावरील टिप्पणी, रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) संबंधित पाने, अदा केलेली देयके आणि दोष दायित्व कालावधीची अंतिम तारीख यांच्या प्रती मागाव्यात. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत असावा. शुल्क १० रुपये, माहितीसाठी मुदत ३० दिवस आणि पहिल्या अपिलासाठी पुढील ३० दिवस असतात. अपिलाला २० रुपयांचे शुल्क लागते. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करता येते, मात्र तिथे दीर्घ प्रतीक्षेची तयारी ठेवावी.

दोष दायित्व कालावधीची नोंद असलेला कागद यातला सर्वांत उपयोगी आहे. त्या मुदतीत रस्ता उखडला, तर तो कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही तारीख हाती असेल, तर अर्जात निधीची मागणी करण्याचे कारणच उरत नाही. ‘कंत्राटदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी’ एवढेच लिहावे. त्याच रस्त्यावर पालिकेने नव्याने खर्च केला असेल, तर तोही या कागदांवरून उघड होतो.

माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. तो फार थोडे लोक वापरतात. काम सुरू असतानाच पाहणीचा अर्ज दिला, तर खोदाईची खोली, खडीचे थर आणि चर भरण्याची पद्धत डोळ्यांनी पाहता येते. नंतर ते सारे डांबराखाली जाते.

खड्ड्यामुळे अपघात झाल्यास

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशानुसार खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची आहे. ती रक्कम जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदार यांच्याकडून वसूल करण्याचेही त्यात म्हटले आहे. दावे तपासणाऱ्या समितीत महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात, त्यामुळे अर्जाची विचारणा प्राधिकरणाच्या कार्यालयातही करता येते. खड्डा निदर्शनास आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवावा, असेही न्यायालयाने बजावले आहे. आधी कोणीतरी नोंदवलेली तक्रार आणि तिचा आवक क्रमांक येथे मोलाचा पुरावा ठरतो.

अपघातानंतर पोलिसांत नोंद करून पंचनाम्यात खड्ड्याचा उल्लेख आला आहे का, हे स्वतः वाचून पाहावे. तो नसेल, तर सही करण्यापूर्वी घालण्यास सांगावे. जागेचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे, कारण अपघात झालेला खड्डा एरवीच्या खड्ड्यांपेक्षा फार लवकर बुजतो. रुग्णालयाची कागदपत्रे आणि देयके जपून ठेवावीत. या भरपाईव्यतिरिक्त महापालिकेवर दावा लावायचा असेल, तर १९४९ च्या अधिनियमातील कलम ४८७ नुसार आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. ही मुदत घटनेपासून मोजली जाते, म्हणून महापालिकेच्या उत्तराची वाट पाहत न बसता पहिल्या महिन्यातच वकिलाचा सल्ला घ्यावा.